मोठं स्ट्रिंग की छोटं स्ट्रिंग? डॉक कॉमेंटमधल्या कॅपिटल अक्षराची गोष्ट

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना जिथे अडखळलो ती वाक्यं सरळ केली आहेत, एक-दोन उदाहरणं वाढवली आहेत. बाकी मजकूर तोच.

आजचा विषय एका व्हॉइस नोटवरून निघाला. सिन्नरचा एक श्रोता, नुकताच पहिल्या जॉबला लागलेला. त्याची पुल रिक्वेस्ट दोन दिवस अडकून पडली. कोड चालतोय, टेस्ट हिरव्या आहेत, पण रिव्ह्यू करणाऱ्या सिनिअरने अर्ध्याहून जास्त कॉमेंट एकाच गोष्टीवर टाकल्या: डॉक कॉमेंटमध्ये टाइपचं नाव चुकीच्या केसमध्ये लिहिलंय. पठ्ठ्या विचारतो, "दादा, कॉमेंट तर कंपायलर वाचतसुद्धा नाही. मग एस मोठा का छोटा, यावरून मर्ज का अडवायचा?"

गंमत बघा. त्या व्हॉइस नोटमध्ये तो म्हणतो, "मी स्ट्रिंग लिहिलं होतं, तो म्हणतो स्ट्रिंग लिही." तीन वेळा ऐकलं मी. कोणाचं कुठलं ते मला अजून कळलेलं नाही, कारण आवाजाला कॅपिटल अक्षर नसतं.

म्हणून आधी एक ठराव करू. पहिलं अक्षर कॅपिटल असेल तर मी "मोठं स्ट्रिंग" म्हणणार, स्मॉल असेल तर "छोटं स्ट्रिंग". हा ब्लॉगही अख्खा देवनागरीत असतो आणि देवनागरीत मोठं-छोटं अक्षर नाहीच, त्यामुळे वाचणाऱ्यांनाही हाच ठराव लागू.

यात आपली एक खास अडचण आहे, ती आधीच बोलून टाकतो. आपण मराठी शाळेतली मुलं. आमच्या बाई कॅपिटलला पहिली लिपी म्हणायच्या आणि स्मॉलला दुसरी. म्हणजे आपल्या डोक्यात ती एकाच अक्षराची दोन रूपं नसून दोन वेगळ्या लिप्याच होत्या! त्यातला एक नियम मात्र घट्ट बसला: वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल, माणसाचं नाव कॅपिटल, गावाचं नाव कॅपिटल. एवढं जमलं की इंग्रजी सुधारलं. त्यामुळे कोणी केसवरून टोकलं की आपल्याला वाटतं, आपलं इंग्रजी काढलं. चेहरा पडतो. त्या सिन्नरच्या मित्राच्या आवाजातही तेच होतं. मर्ज अडकल्यापेक्षा ते जास्त लागलेलं.

तर मित्रा, हा इंग्रजीचा विषयच नाहीये. कोडमध्ये टाइपचं नाव हे नाव असतं आणि नावाचं स्पेलिंग असतं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने कॅपिटल ए म्हणजे ६५ आणि स्मॉल ए म्हणजे ९७. दोघांत ३२ चं अंतर. "थोडं वेगळं लिहिलेलं तेच अक्षर" हा प्रकार मशीनकडे नाही. आपल्याकडे "दिन" आणि "दीन" जसे वेगळे, तसंच. वेलांटी बदलली की दिवसाचा गरीब होतो.

पायथनवाल्यांनी हे आपल्या स्टाईल गाईडमध्ये, म्हणजे पेप ८ मध्ये, २००१ पासून लिहून ठेवलंय. तिथे सांगितलंय की कॉमेंट पूर्ण वाक्यात लिहा, पहिला शब्द कॅपिटलने सुरू करा. पण तो शब्द छोट्या अक्षराने सुरू होणारं कोडमधलं नाव असेल तर करू नका. कोडमधल्या नावाची केस कधीही बदलायची नाही, असं तिथे उद्गारचिन्ह देऊन बजावलंय. म्हणजे इंग्रजी व्याकरण आणि कोडमधलं नाव यांचं भांडण झालं तर नाव जिंकतं.

आमच्या टीममध्ये एक मुलगी आली. तिच्या आधीच्या कंपनीत, कंपनीचं नाव राहू द्या, तिला कोणीतरी सांगितलं होतं की वाक्य स्मॉल अक्षराने सुरू करतेस, इंग्रजी सुधार. ते वाक्य सुरू होत होतं "इंट" या टाइपच्या नावाने, छोट्या आयने. तिने बिचारीने सगळीकडे मोठा आय केला. व्याकरण सुधारलं आणि डॉक्युमेंटेशन बिघडलं, कारण त्या भाषेत मोठ्या आयचं इंट नावाचा टाइपच नाही. खरा उपाय साधा होता: वाक्याची मांडणी फिरवायची. "इंट परत मिळतो" ऐवजी "यातून मिळणारी व्हॅल्यू इंट असते". टाइपचं नाव वाक्याच्या मधे गेलं की भांडणच मिटलं.

एकाच नावाची दोन माणसं

आता भाषा-भाषांमधला फरक. इथे गोष्ट रंगते, कारण एकच नियम सगळीकडे चालत नाही.

जावास्क्रिप्टपासून सुरू करू, कारण निम्म्या श्रोत्यांचं पोट त्यावर आहे. जावास्क्रिप्टमध्ये छोटं स्ट्रिंग आणि मोठं स्ट्रिंग दोन्ही आहेत आणि ते वेगळे आहेत. छोटं म्हणजे साधी व्हॅल्यू, प्रिमिटिव्ह. मोठं म्हणजे त्या व्हॅल्यूला गुंडाळणारं ऑब्जेक्ट. "नाशिक" असं अवतरणात लिहा, त्याचा टाइपऑफ विचारा, उत्तर येतं छोटं स्ट्रिंग. तेच "न्यू" लावून मोठ्या स्ट्रिंगमधून बनवा, उत्तर येतं ऑब्जेक्ट. असे दोन "नाशिक" बनवून त्यांची तीन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली तर उत्तर खोटं येतं. दोन्हीत तेच नाशिक आहे, पण डबे वेगळे आहेत.

बूलियनमध्ये तर हे अंगावरच येतं. न्यू लावून मोठं बूलियन बनवा, आत फॉल्स ठेवा, आणि ते इफमध्ये टाका. इफ म्हणतो ट्रू! कारण तो आतलं काही बघत नाही, समोर ऑब्जेक्ट आहे एवढंच बघतो. आता कोणी डॉक कॉमेंटमध्ये लिहिलं की हा पॅरामीटर मोठं बूलियन आहे, तर शब्दशः त्याचा अर्थ हा असा डबा द्या असा होतो. लिहिणाऱ्याच्या मनात तसं अजिबात नसतं. पण वाचणारा त्याच्या मनात शिरू शकत नाही, तो कॉमेंट वाचतो.

हे दोन-दोन आले कुठून? १९९५ मध्ये ब्रेंडन आइकने नेटस्केपमध्ये जावास्क्रिप्टचा पहिला अवतार दहा दिवसांत उभा केला, आणि वरून हुकूम होता की ती जावासारखी दिसली पाहिजे. जावात प्रिमिटिव्ह वेगळे आणि ऑब्जेक्ट वेगळे, म्हणून इथेही तेच आलं. आइकने नंतर स्वतः लिहिलंय की जावाकडून आलेला हा छोट्या-मोठ्या स्ट्रिंगचा भेद दुर्दैवी होता. म्हणजे आपण आज पुल रिक्वेस्टमध्ये भांडतोय ते नव्वदच्या दशकातल्या एका मॅनेजमेंटच्या हुकुमामुळे.

आणि "कॉमेंट कंपायलर वाचत नाही" हे जावास्क्रिप्टपुरतं तरी आता खरं राहिलेलं नाही. जेएसडॉकच्या कॉमेंटमध्ये महिरपी कंसात टाइप लिहिला की टाइपस्क्रिप्टचा चेकर तो वाचतो. व्हीएस कोडमध्ये फंक्शनवर माउस नेला की जी छोटी चौकट उघडते, तिच्यातली माहिती तिथूनच येते. आता यातली खाचखळगी ऐका. खऱ्या टाइपस्क्रिप्ट फाइलमध्ये मोठं स्ट्रिंग लिहून ते छोट्यात टाकायला गेलात तर तो सरळ एरर देतो आणि सांगतो की छोटं प्रिमिटिव्ह आहे, मोठं रॅपर ऑब्जेक्ट आहे, शक्यतो छोटं वापरा. टाइपस्क्रिप्टच्या अधिकृत मार्गदर्शनातही स्पष्ट आहे: मोठं नंबर, मोठं स्ट्रिंग, मोठं बूलियन, मोठं सिम्बॉल, मोठं ऑब्जेक्ट, यातलं काही टाइप म्हणून वापरू नका. पण साध्या जावास्क्रिप्ट फाइलमधल्या जेएसडॉकमध्ये कोणी मोठं स्ट्रिंग लिहिलं, तर तोच चेकर समजून घेतो आणि गुपचूप छोटं धरतो. लोक वर्षानुवर्षं तसं लिहीत आले होते म्हणून ही सवलत.

सवलतीमुळेच सवय सुटत नाही. जेएसडॉकमध्ये चालून जातं, मग पुढे प्रोजेक्ट टाइपस्क्रिप्टवर न्यायचा ठरतो, कॉमेंटमधले टाइप कॉपी करून कोडमध्ये येतात आणि लाल रेघांचा पाऊस पडतो.

एक अपवाद सांगून पुढे जातो: डेट, मॅप, प्रॉमिस ही नावं जावास्क्रिप्टमध्ये मोठीच. त्यांचं छोटं भावंडच नाही. म्हणून "सगळं छोटं लिहा" हाही नियम नाही.

लासलगावचा भाव शून्य, की भाव नाही?

जावात हा फरक पैशापर्यंत जातो. तिथे छोटं डबल म्हणजे आकडा, त्यात कायम काहीतरी आकडा असणारच. मोठं डबल म्हणजे आकड्याचा डबा, आणि डबा नसूही शकतो, म्हणजे नल.

समजा आपण लासलगावच्या कांद्याचा भाव दाखवणारं ॲप करतोय. निफाड तालुक्यातलं लासलगाव, देशभरातले व्यापारी तिथल्या भावाकडे डोळे लावून असतात, आणि भाव क्विंटलवर बोलला जातो. एक फंक्शन आहे: बाजार समितीचं नाव आणि तारीख द्या, सरासरी भाव घ्या. आता ज्या दिवशी लिलावच झाला नाही त्या दिवशी ते काय देणार? लिलाव बंद राहणं आपल्याकडे नवीन नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी जिल्ह्यातले लिलाव बंद ठेवले होते. त्या दिवसांचा भाव शून्य नव्हता. त्या दिवशी भाव नव्हताच.

फंक्शन लिहिणाऱ्याने बरोबर विचार करून मोठं डबल ठेवलं: लिलाव नसेल तर नल. पण वरच्या डॉक कॉमेंटमध्ये लिहिताना त्याने छोटं डबल लिहिलं, हात सवयीने चालला म्हणून. आता दुसरा डेव्हलपर, जो स्क्रीन बनवतोय, तो फंक्शनच्या आत बघत नाही. कॉमेंट वाचतो, छोट्या डबलमध्ये उत्तर साठवतो. लिलाव चालू असलेल्या प्रत्येक दिवशी सगळं छान. लिलाव बंद झाला त्या दिवशी नलचा आकडा करायला गेलं की जावा नल पॉइंटर एक्सेप्शन फेकते आणि ॲप बंद. कंपायलर इथे तक्रार करत नाही, कारण मोठ्यातून छोट्यात जाणं जावा २००४ पासून आपोआप करते.

क्रॅश दिसतो तरी. खरी भीती पुढच्या पायरीची आहे. कोणीतरी घाईत येतो, कॉमेंटमध्ये छोटं डबल बघतो, म्हणतो "आकडा असायलाच हवा", आणि नल आला तर शून्य धरा अशी एक ओळ घालतो. ॲप बंद पडायचं थांबतं. आणि चांदवडचा एखादा शेतकरी सकाळी मोबाइल उघडतो, त्याला दिसतं: लासलगाव, कांदा, शून्य रुपये क्विंटल. ट्रॅक्टर भरायचा की नाही हे तो त्या स्क्रीनवर ठरवणार. यात टायपिंगचा फरक किती? एक अक्षर. डी मोठा की छोटा.

जावाच्या डब्यांची आणखी एक खोड आहे, इंटरव्ह्यूत हमखास विचारतात. दोन मोठ्या लाँगमध्ये १२७ ठेवा आणि दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना करा, उत्तर खरं येतं. १२८ ठेवा, खोटं. कारण उणे १२८ ते १२७ पर्यंतचे डबे जावा आधीच बनवून ठेवते आणि तेच पुन्हा-पुन्हा देते. त्यापुढे नेहमीच्या सेटिंगमध्ये नवीन डबा. ज्याला कॉमेंट वाचून वाटतं की समोर छोटं लाँग आहे, तो अशी तुलना बिनधास्त करणार, आणि टेस्टमध्ये लहान आकडे असतील तर टेस्टही पास होणार.

कॉटलिनमध्ये अँड्रॉइड करणाऱ्यांना हे जरा विचित्र वाटेल, कारण तिथे इंट, डबल, स्ट्रिंग सगळं मोठंच. नल चालतो की नाही ते पुढचं प्रश्नचिन्ह सांगतं, केस नाही. स्विफ्टमध्येही तसंच. मला विचाराल तर हे जास्त प्रामाणिक आहे: महत्त्वाची गोष्ट अक्षराच्या आकारात लपवलेली नाही. पण जावातून कॉटलिनमध्ये आलेला माणूस कॉमेंटमध्ये हमखास छोटं इंट लिहितो, आणि कॉटलिनमध्ये त्या नावाचा टाइप नाही.

रस्टमध्ये छोटं एसटीआर वेगळं, मोठं स्ट्रिंग वेगळं, आणि दोन्ही रोज लागतात. मोठ्याकडे स्वतःची मेमरी असते, छोटं दुसऱ्याच्या मेमरीकडे बघतं. तिथे कॉमेंटमध्ये नुसतं "स्ट्रिंग" म्हणणं म्हणजे "काकांना सांग" म्हणण्यासारखं आहे. कोणत्या काकांना?

सी शार्पमध्ये उलटं. तिथे छोटं स्ट्रिंग हे मोठ्याचंच टोपणनाव. कुठलंही वापरा, प्रोग्रॅम तोच. इथे प्रश्न फक्त शिस्तीचा, आणि मायक्रोसॉफ्टच्या शिफारशीत छोट्याला पसंती आहे.

पायथनचा उलटा न्याय

पायथनमध्ये नवीन लोक गोंधळतात ते वेगळ्या कारणाने. स्टाईल गाईड म्हणतं क्लासचं नाव मोठ्या अक्षराने सुरू करा. मग इंट, लिस्ट, डिक्ट हे क्लास असून छोटे कसे? कारण इतिहास. २००१ च्या २.२ आवृत्तीपर्यंत इंट हा क्लास नव्हता, ते एक फंक्शन होतं: काहीतरी द्या, पूर्णांक घ्या. फंक्शनची नावं छोटी असतात. नंतर त्यांचे टाइप झाले, पण नावं बदलली असती तर जगभरचा कोड मोडला असता. म्हणून बिल्ट-इन नावांसाठी वेगळा नियम: बहुतेक सगळी छोटी, मोठं अक्षर फक्त एक्सेप्शनना आणि ट्रू, फॉल्स, नन सारख्या स्थिर किमतींना.

त्यावर २०१५ मध्ये टाइपिंग नावाचं मॉड्यूल आलं आणि मोठं लिस्ट, मोठं डिक्ट आणलं, टाइप लिहिण्यापुरतं. मग २०२० मध्ये ३.९ आवृत्तीने सांगितलं की छोटं लिस्टच वापरा, त्यातच आता चौकटी कंस चालतात. त्यामुळे कुठल्याही जुन्या प्रोजेक्टची डॉकस्ट्रिंग उघडा, पुरातत्त्व खात्यासारखे थर दिसतील. खालच्या थरात छोटं लिस्ट, मधल्यात मोठं, वरच्यात परत छोटं.

एक सापळा मात्र अजून जिवंत आहे. "एनी". मोठं एनी म्हणजे कुठलाही टाइप चालेल. छोटं एनी म्हणजे पायथनचं एक फंक्शन, यादीत एक तरी खरं आहे का ते तपासणारं. टाइपच्या जागी छोटं एनी लिहिलं तरी पायथन प्रोग्रॅम चालवतो, हूं की चूं करत नाही. मायपायसारखा तपासनीस लावला तरच तो विचारतो, तुम्हाला मोठं म्हणायचं होतं का? मी रिव्ह्यूमध्ये हे इतक्यांदा बघितलंय की आता हसूही येत नाही.

आणि मग देवनागरीचं काय?

गो भाषेत अक्षराचा आकार हा थेट व्याकरणाचा भाग आहे. नाव कॅपिटलने सुरू झालं तर ते पॅकेजच्या बाहेर दिसतं, नाहीतर दिसत नाही. पब्लिक, प्रायव्हेट असे वेगळे शब्दच नाहीत. डॉक कॉमेंटचा रिवाजही त्याला जोडलेला: ज्याच्यावर कॉमेंट आहे त्याच्या नावानेच वाक्य सुरू करायचं, नाव छोटं असेल तर वाक्यही छोट्या अक्षराने.

आता ज्या लिपीत कॅपिटलच नाही तिचं काय? गोमध्ये आपण देवनागरीत नाव देऊ शकतो, पण ते बाहेर दाखवता येत नाही, कारण युनिकोडच्या हिशोबाने ते मोठं अक्षर नाही. जपानी लोकांचीही हीच तक्रार. गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत तूर्तास उपाय काय, तर नावापुढे इंग्रजी मोठा एक्स लावा.

पण आपली अडचण जपान्यांपेक्षा एक पायरी पुढे आहे. गोच्या नावात फक्त अक्षरं आणि अंक चालतात, आणि आपल्या काना, मात्रा, वेलांट्या युनिकोडमध्ये अक्षरं नाहीत, ती जोडचिन्हं आहेत. त्यामुळे "नगर" हे व्हेरिएबलचं नाव चालतं, "नाशिक" चालत नाही! काना आला, वेलांटी आली, खेळ खल्लास. पुण्याचंही तेच. नगरवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. हे मी रागाने सांगत नाही, त्याच प्रश्नोत्तरांत देवनागरीचं नाव घेऊन लिहिलंय की साध्या नियमापायी अशा काही लिप्या बाहेर राहतात. पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये मात्र "नाशिक" नावाचं व्हेरिएबल आरामात चालतं.

व्हेरिएबल राहू द्या, कॉमेंट तर मराठीत लिहिता येतातच. आमची चार जणांची एक छोटी टीम आतल्या टूलसाठी तशा लिहिते. तिथे मला एक गोष्ट सापडली. इंग्रजी कॉमेंटमध्ये कायम गोंधळ असतो की "स्ट्रिंग" हा साधा शब्द म्हणून आलाय, म्हणजे अक्षरांची माळ या अर्थाने, की टाइपचं नाव म्हणून. लिपी तीच, स्पेलिंग तेच. मराठीत लिहिताना आम्ही ठरवलं: कल्पना असेल तर देवनागरीत "स्ट्रिंग", टाइप असेल तर रोमनमध्ये, बॅकटिकच्या आत, कोडमध्ये आहे त्याच केसमध्ये. लिपी बदलली की अर्थ बदलला, वाचणाऱ्याला डोळे बारीक करावे लागत नाहीत. आपल्या लिपीला कॅपिटल नाही याचा असा फायदाही होतो.

त्रास एकच: विभक्ती. आपली जीभ नावाला काहीतरी चिकटवल्याशिवाय राहत नाही. स्ट्रिंगला, स्ट्रिंगचा, स्ट्रिंगमधून. प्रत्यय बॅकटिकच्या आत गेला की ते टाइपचं नाव उरत नाही. बाहेर चिकटवला तर दिसायला विचित्र, पण चालतं. आम्ही बहुतेक वेळा मधे एक नाम टाकतो: अमुक प्रकारची व्हॅल्यू, अमुक प्रकारच्या व्हॅल्यूला. इंग्रजीतही हाच सल्ला दिला जातो. गुगलच्या डेव्हलपर स्टाईल गाईडमध्येही आहे की कोडमधल्या नावाला अनेकवचनाचा एस चिकटवू नका, पुढे वेगळं नाम लिहा आणि त्याचं अनेकवचन करा.

मर्ज अडवावा का?

आता सिन्नरच्या मित्राचा मूळ प्रश्न. सिनिअरचं म्हणणं बरोबर होतं का? जावास्क्रिप्टचा प्रोजेक्ट आहे असं त्याने सांगितलं, म्हणजे हो, बरोबर. अडवण्याची पद्धत बरोबर होती का? माझ्या मते नाही. जे काम मशीन करू शकतं त्यासाठी माणसाने माणसाला टोचू नये. ईएसलिंटला जेएसडॉकचं प्लगइन मिळतं, त्यात टाइपची नावं तपासणारा नियम आहे आणि तो बऱ्याच चुका आपोआप दुरुस्तही करतो. जावात जावाडॉकला लिंक दिलेलं नाव सापडलं नाही तर तो बोंब मारतो. सी शार्पमध्ये डॉक्युमेंटेशन चालू केलं की चुकीच्या संदर्भावर वॉर्निंग येते. म्हणून टाइपचं नाव नुसतं वाक्यात लिहून सोडण्यापेक्षा लिंकच्या टॅगमध्ये लिहायची सवय लावा. केस चुकली की टूलच सांगतं, सिनिअरचा मूड मधे येत नाही.

टूल कुठे चालत नाही? कांद्याच्या भावाच्या उदाहरणात. तिथे छोटं डबलही खरा टाइप आहे आणि मोठंही. कॉमेंटमधलं स्पेलिंग शंभर टक्के बरोबर, अर्थ चुकीचा. ते फक्त माणूस पकडू शकतो, तेही फंक्शनची पहिली ओळ आणि वरची कॉमेंट शेजारी ठेवून वाचली तर. रिव्ह्यूमध्ये वेळ घालवायचा तर तिथे घाला. आणि नल येऊ शकत असेल तर ते अक्षराच्या आकारावर सोडू नका, शब्दांत लिहा: लिलाव नसेल त्या दिवशी नल मिळतो. एवढी एक ओळ.

आणि कॉलवर बोलताना लाजू नका. "कॅपिटल एसवालं", "मोठं", "पहिल्या लिपीतलं", काहीही म्हणा, पण म्हणा. आमच्याकडे आता स्टँडअपमध्ये सर्रास "मोठं डबल" ऐकू येतं, आणि शेजारच्या टीमला वाटतं आम्ही डबल ऑम्लेटची ऑर्डर देतोय.

पुढच्या भागात तारखा आणि टाइमझोन, कारण त्यावर अकरा व्हॉइस नोट पडून आहेत. केसबद्दलचा प्रश्न व्हॉइस नोटने पाठवणार असाल तर कृपा करून सोबत स्क्रीनशॉट टाका. चला, भेटू पुढच्या शनिवारी.